शिकाऱ्यांनी लिहिलेला कायदा

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आमच्या संघटनेच्या कचेरीत एक कामगार आरोपपत्र घेऊन आला. सलग अकरा दिवस विनापरवाना गैरहजर, असा आरोप होता. खुलासा लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी विचारले, “कारण काय लिहू?” तो म्हणाला, “डुक्कर लिहा, भाऊ.”

हा मनुष्य वेल्हे तालुक्यातला. (तालुक्याचे नाव राजगड करण्याचे ठरले आहे, पण तोंडात अजून वेल्हेच येते.) भात निसवले होते, दाण्यात दूध भरत होते, आणि रोज रात्री रानडुकरांचा कळप खाचरात उतरत होता. डुक्कर खाते त्याच्या कितीतरी पट तुडविते. घरी म्हातारी आई आणि बायको. त्या दोघी राखणीला बसत, परंतु एका रात्री नर अंगावर धावून आला तेव्हापासून त्यांनी धास्ती घेतली. मग हा गावी गेला आणि अकरा रात्री बांधावरच्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवीत राहिला. खुलाशात मी ‘रानडुकरांपासून पिकाचे संरक्षण’ असे लिहिले. चौकशीच्या वेळी समोरचे अधिकारी हसले. चार दिवसांच्या बिनपगारी निलंबनावर प्रकरण मिटले. त्याला अकरा दिवसांचा पगार आधीच गेला होता, त्यात हे चार.

मी त्याला सहज विचारले, की इतके लोक गावात आहात, एक डुक्कर मारून का टाकीत नाही? तो म्हणाला, “कायदा आहे ना.” कायदा कोणी केला? “सरकारनं.”

या उत्तराने माझे समाधान होईना. तीस वर्षे मागणीपत्रे आणि करारनामे लिहिण्यात गेल्यामुळे मला एक गोष्ट कळून चुकली आहे. कायदा सरकार करते हे अर्धेच खरे. सरकारपुढे मसुदा कोणीतरी नेऊन ठेवलेला असतो, आणि ज्याने तो ठेवला त्याची आठवण नंतर कोणी काढीत नाही. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी कायदे मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो, त्यामुळे वेळ लागतो, पण शब्द न् शब्द वाचला जातो. त्या कामगाराचे प्रकरण मिटल्यावर मी वन्यप्राण्यांच्या कायद्यांच्या मागे लागलो. हाती जे लागले ते आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी, की आपल्या देशातले वन्यप्राणी रक्षणाचे कायदे प्रथम शिकाऱ्यांनी घडवून आणले. हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मलाही वाटले होते. दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरावर उटीच्या आसपास चहा-कॉफीचे मळेवाले, लष्करी अधिकारी आणि सरकारी साहेब यांची वस्ती होती. रोज उठून सांबर मारावे, कड्यावरच्या रानबकऱ्या टिपाव्यात, असा क्रम चालला होता. काही वर्षांतच जनावर दिसेनासे होऊ लागले. तेव्हा 1877 साली या साहेब मंडळींनी ‘निलगिरी गेम असोसिएशन’ नावाची संस्था काढली, आणि दोन वर्षांच्या आत, 1879 साली, मद्रास सरकारने निलगिरीपुरता शिकार व मासे यांच्या रक्षणाचा कायदा केला. दोन वर्षे! आमच्या एका साध्या वेतनकराराला तीन-तीन वर्षे लागतात. अर्थात मागणारे आणि देणारे एकाच क्लबात संध्याकाळी भेटत असले म्हणजे वाटाघाटी लवकर आटोपतात, हे वेगळे सांगावयास नको.

पण केवळ वशिल्याने हे झाले असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या संघाने सरकारकडे जाण्याआधी स्वतःच्या सभासदांवर बंधने घालून घेतली होती. अमुक महिने बंदूक उचलावयाची नाही, मादी व पिल्लू मारावयाचे नाही, परवान्याशिवाय रानात शिरावयाचे नाही. रानराखे ठेवले, त्यांचा खर्च उचलला. म्हणजे ‘आम्हांला हक्क द्या’ असे म्हणण्याच्या आधी ‘आम्ही एवढे सोडतो’ असे ते म्हणाले. संघटनेचे बळ कशात असते हे त्यांना ठाऊक होते. हीच संस्था नाव बदलून पुढे वन्यजीव रक्षणाचे काम करू लागली.

त्यांच्या बंधनांतले दुसरे कलम मात्र आपण नीट पाहिले पाहिजे. ‘शिकार’ कशाला म्हणावयाचे हे त्यांनी आपल्या नजरेने ठरविले. शिंगाळ्या नरावर दुरून गोळी झाडणे हा खेळ, आणि पोटासाठी जाळे, फास, खड्डा लावणे हा चोरटेपणा. जनावरांचीही अशीच वाटणी झाली. ज्याच्या मागे लागण्यात मर्दुमकी, ते राखावयाचे. जे आपल्या शिकारीवर हात मारते, ते उपद्रवी म्हणून मारावयाचे. रानकुत्रा, म्हणजे सह्याद्रीत ज्याला कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात, तो या दुसऱ्या यादीत पडला आणि त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळू लागले. वाघ-बिबट्यांनाही सरकारी बक्षिसे होती. आता गंमत पाहा, कोळसुंदा आणि बिबट्या हेच रानडुकराची पिल्ले खाणारे. ज्यांनी डुकराला आळा घातला असता त्यांच्याच मुंडक्यावर पैसे लावले, आणि त्या हिशेबाची बाकी आज वेल्ह्याच्या खाचरात वसूल होते आहे. आज कोळसुंद्याला कायद्याचे कडक संरक्षण आहे, हे चांगलेच झाले, पण रानात तो क्वचितच उरला आहे.

मुंबईत काय झाले? 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. आमच्या 1926 च्या कामगार संघ कायद्यात सात सह्यांवर संघटना नोंदविता येत असे. म्हणजे यांच्याकडे एक सही जास्तच होती. या आठांत दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ही दोन्ही नावे आपल्याला सामाजिक सुधारणेच्या पुस्तकात भेटतात, पण पाखरे आणि जनावरे यांच्या इतिहासात ती असतील असे आपल्या मनात येत नाही. सोसायटीत अभ्यासक होते तसे शिकारीही होते, किंबहुना पुष्कळदा एकच मनुष्य दोन्ही असे. सलीम अलींची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे.

सोसायटीचे वजन पुढे वाढत गेले. 1912 साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. फार छोटा कायदा, दोन-तीन पानांचा. मुख्य तरतूद एवढीच, की प्रांतिक सरकारने बंदीचा हंगाम जाहीर करावा आणि त्या हंगामात यादीतला प्राणी कोणी मारू वा विकू नये. यादीत हरणे, काळविटाच्या जातीचे प्राणी, गवे, रानम्हशी, गेंडे, ससे वगैरे. डुक्कर यादीत नव्हतेच. आणि शेवटाकडे एक कलम होते ते मी तीनदा वाचले. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी, अथवा मालमत्तेच्या ‘बोनाफाईड’ रक्षणासाठी प्राणी मारला तर हा कायदा लागू नाही. बोनाफाईड हा शब्द आपण शाळेच्या दाखल्यामुळे ओळखतो. मुलगा खरोखर याच शाळेत शिकतो, तसे हा मनुष्य खरोखर आपल्या पिकासाठीच मारतो आहे, असा त्याचा अर्थ. परक्या सरकारने, साहेबी शिकाऱ्यांच्या सल्ल्याने केलेल्या कायद्यात शेतकऱ्यासाठी ही एक फट ठेवलेली होती. ती दयाबुद्धीने ठेवली असे मी समजत नाही. सारा वसूल व्हावयाचा तर पीक वाचले पाहिजे, हा त्यांचा हिशेब. पण फट होती.

त्या वेळी भोर व वेल्हे भाग ब्रिटिश मुलखात नव्हता. पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानी हद्दीत आपोआप लागू होत नसे, दरबाराचा हुकूम चाले. 8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन झाले आणि राजगड-तोरण्याच्या पायथ्याची माणसे मुंबई राज्याच्या कायद्याखाली आली. लोकशाही आली, मताचा हक्क आला, हे मोठेच झाले. रानाच्या बाबतीत मात्र दरबाराच्या जागी खाते आले, एवढाच फरक डोंगरावरच्या माणसाला जाणवला असावा.

लगेच तीन वर्षांनी, 1951 साली, मुंबई राज्याने वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. देशातल्या चांगल्या कायद्यांत त्याची गणना होते. त्याचा मसुदा घडविण्यात नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, आणि विशेषतः हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. अब्दुलअली पक्ष्यांचे जाणकार, आणि तरुणपणी स्वतः बंदूक घेऊन हिंडलेले. 1972 च्या केंद्रीय कायद्याला जे नमुने उपयोगी पडले त्यांत हा मुंबईचा कायदा होता. म्हणजे पाहा, शिकारीतून आलेला एक जाणता मनुष्य, त्याच्यामागे सत्तर वर्षांची संस्था, संस्थेचे नियतकालिक, ग्रंथालय, आणि सचिवालयात जाऊन बसण्याइतकी ओळख. या सामग्रीवर कायदा होतो. मला त्यांचा हेवा वाटतो, द्वेष नाही. त्यांनी हे केले नसते तर आज वाद घालावयास जनावरच उरले नसते.

परंतु त्या टेबलाभोवती आणखी कोण असावयास हवे होते? भोर-वेल्ह्याचा शिकारी कसा होता ते सांगतो, म्हणजे माझे म्हणणे लक्षात येईल. इथे शिकार एकट्याची नव्हती. सुगी आटोपली, शिमगा झाला, की गावची पारध निघे. हाकारे एका बाजूने रान उठवीत, दुसऱ्या बाजूला वाघरी लावून माणसे दबा धरून बसत. कुत्री बरोबर. ठासणीची बंदूक असलीच तर गावात एखादी. जे मिळे त्याचे वाटे होत, आणि वाटे करताना हाका घालणाऱ्या पोरापासून ज्याच्या शेतात जनावर पडले त्या माणसापर्यंत सगळे मोजले जात. एका म्हाताऱ्या कातकऱ्याने मला सांगितले, की त्याच्या बापाला कुत्र्याचाही वाटा मिळत असे, कारण रान माग काढून देणारे कुत्रे त्याचे. या गोष्टीवर मी रागावलो, की हसलो, हे मलाच कळले नाही. कारखान्यात मनुष्याच्या बोनसचा वाटा ठरविताना आम्हांला जो घोळ घालावा लागतो तो आठवला.

ही पारध आज गुन्हा आहे, आणि तिची बाजू घेऊन मी इथे उभा नाही. तिच्यात भेकरे गेली, ससे गेले, पिसोरी गेली, हे खरे आहे. मुद्दा निराळा. पारधीला शिस्त होती, हिशेब होता, वाटणी होती, पण तिला अध्यक्ष नव्हता, चिटणीस नव्हता, ठरावाचे पुस्तक नव्हते. म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती संघटना नव्हती, जमाव होता. उटीच्या साहेबांचा तो संघ आणि हिर्डोशी खोऱ्यातल्या गावकऱ्यांचा तो जमाव. एकाचे म्हणणे कायद्याच्या भाषेत उतरले, दुसऱ्याचे पोलिसाच्या डायरीत.

पुढचा भाग लवकर सांगतो, कारण तो बऱ्याच जणांनी वाचलेला असेल. 1952 साली केंद्र सरकारने वन्यजीव मंडळ नेमले, त्याचे अध्यक्ष म्हैसूरचे महाराज. राजेरजवाड्यांच्या हातून तोवर किती वाघ मारले गेले होते ते त्यांचे त्यांना माहीत. स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार घडविणाऱ्या कंपन्याही निघाल्या. 1969 साली निसर्गरक्षणाची जागतिक परिषद दिल्लीस भरली, वाघाची स्थिती जगापुढे आली, आणि 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी घातली गेली. शिकार-कंपन्यांनी परकीय चलन बुडेल म्हणून ओरड केली. ती कोणी ऐकली नाही, आणि ऐकली नाही हे बरे झाले. तेव्हा वन्यप्राणी हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय होता. म्हणून 11 राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला विनंती केली आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. महाराष्ट्राने तो 1973 साली लागू केला. 1976 च्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्राचा हात वर झाला. 1972 च्या कायद्यात परवाना काढून हौशी शिकारीची सोय होती, ती 1991 च्या दुरुस्तीने संपली. येथे हौशी शिकाऱ्याचा संघ हरला. त्याला कारण तोच होता, कारण त्याच संस्थांतून बाहेर पडलेल्या माणसांनी बंदूक खाली ठेवून हा कायदा कडक केला होता.

पण या साऱ्या धामधुमीत ती फट बुजली, आणि बुजताना कोणी ओरडलेही नाही. 1972 च्या कायद्यात जिवाच्या रक्षणासाठी प्राणी मारला तर अपराध नाही, हे शब्द राहिले. मालमत्तेच्या रक्षणाचे शब्द त्या ठिकाणाहून गेले. त्याऐवजी असे आले, की एखादा प्राणी माणसाच्या जिवास अथवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणे नोंदवून त्यास मारण्याची परवानगी देऊ शकतो. पूर्वी शेतकऱ्याने मारावयाचे आणि कोणी विचारलेच तर कारण दाखवावयाचे. आता आधी विचारावयाचे आणि मग मारावयाचे. नोकरीतल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. रजेचा अर्ज आणि रजेची मंजुरी यांच्यात किती अंतर असते ते आपण जाणतो, आणि डुक्कर काही मंजुरीची वाट पाहत बांधावर थांबत नाही.

2015 साली महाराष्ट्र सरकारने रानडुक्कर व रोही यांच्याबाबत ही परवानगी सुटसुटीत करणारा निर्णय काढला. शेतकऱ्याने वनाधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा आणि परवानाधारक बंदूकवाल्याकडून प्राणी मारून घ्यावा. कागदावर हे ठीक आहे. विदर्भात, चंद्रपूर भागात, या मार्गाने काही डुकरे मारलीही गेली, आणि 2016 साली त्यावरून दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांत जुंपली. पण वेल्ह्याच्या वाडीवर हा मार्ग चालतो कसा? परवान्याची बंदूक असलेला मनुष्य मिळावयास हवा. 1959 च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, पण तरतूद आहे म्हणजे बंदूक आहे असे नाही. असलेली बंदूक निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यात जमा होते, आणि आपल्याकडे निवडणुका वरचेवर होतात. बरे, डुक्कर मारले, तर ते सरकारी मालमत्ता. त्याच्या मांसाला शेतकऱ्याने हात लावावयाचा नाही. ज्याने त्याचे भात खाल्ले ते जनावर त्याच्या डोळ्यादेखत पुरले वा जाळले जावयाचे. मी शाकाहारी मनुष्य आहे, तरी यातला कडवटपणा मला कळतो.

भरपाईची तरतूद आहे. तीही खोटी नाही, मिळालेली मी पाहिली आहे. पण तिला सातबारा लागतो, आणि मावळातला सातबारा म्हणजे एकत्र कुटुंबाची वंशावळच असते. त्यावर आजोबांचे नाव असते, मुंबईला गिरणीत गेलेल्या चुलत्यांची नावे असतात, त्यांच्या मुलांची असतात, आणि ती मुले आता कोठे राहतात हे गावात कोणास ठाऊक नसते. एका हंगामाच्या भरपाईसाठी नऊ जणांची संमतीपत्रे गोळा करणारी बाई मी पाहिली आहे. दोन वेळा ती माझ्याकडे पत्ते शोधून द्या म्हणून आली.

याचा परिणाम काय होतो ते सभ्य शब्दांत सांगणे कठीण आहे. उजेडात काही करता येत नाही, म्हणून लोक अंधारात करतात. मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचे फास लागतात. कोठे शेताभोवती विजेची तार सोडली जाते आणि सकाळी तिला चिकटून शेजारचा म्हातारा मेलेला सापडतो. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकतो, कमरेत तार रुतून मरतो, आणि मग गावातला कोणीतरी गरीब, बहुधा ज्याने फास लावलाही नसेल असा, कोठडीत जातो. बंद कारखान्यात जसे आतून तांबे चोरीला जाते, तसे हे आहे. चोर वाईटच, पण कुलूप कोणी लावले आणि पगार किती महिने थकला होता, हेही विचारले पाहिजे.

दुसरीकडे काय केले गेले? अमेरिकेत शिकाऱ्यांच्या संघटना फार जुन्या. 1887 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी मित्रांसह शिकाऱ्यांचा एक क्लब काढला आणि जंगले राखण्याचे कायदे त्याने पुढे रेटले. पण मला महत्त्वाचा वाटतो तो 1937 चा कायदा. बंदुका व काडतुसे यांवरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव कामाला द्यावयाचा, आणि राज्यांनी शिकार-परवान्यांची फी दुसरीकडे वळवावयाची नाही. हा कर शिकाऱ्यांनी स्वतःहून पत्करला, आज तो लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के आहे. पैसे देणाऱ्याचा शब्द अर्थातच चालतो. तोटा असा, की ज्याची शिकार होत नाही अशा बेडकाकडे नि फुलपाखराकडे कमी लक्ष जाते.

आपल्या जवळचे उदाहरण केरळचे. तिथल्या डोंगरी भागातले शेतकरी अनेक वर्षे संघटितपणे भांडले. 2022 साली तिथल्या सरकारने पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक पंचायतीच्या प्रमुखांकडे दिला. गोळी मात्र परवान्याच्या बंदूकवाल्यानेच झाडावयाची. 2025 साली तर केरळ विधानसभेने केंद्रीय कायद्यात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. समवर्ती विषय असल्यामुळे अशा विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागते. केरळचे सगळेच मला पटते असे नाही. गावच्या प्रमुखाला मते हवी असतात, आणि मते डुकराला नसतात. पण तेथे शेतकरी अर्जदार राहिला नाही, पक्षकार झाला, हा मोठा फरक आहे.

आमच्याकडे 2021 साली केंद्रीय कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक संसदीय समितीकडे गेले होते. समितीने लोकांकडून निवेदने मागविली होती. 2022 साली दुरुस्ती मंजूर झाली, अनुसूची सहावरून चारवर आल्या, आणि ‘उपद्रवी प्राणी’ ही जुन्या शिकाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली वेगळी अनुसूचीच त्यातून गेली. भोर आणि वेल्ह्यातल्या ज्या गावांत माझे जाणे-येणे आहे तिथे मी विचारले, की तुम्हांला त्या निवेदनांची खबर होती काय? एकाही गावी नव्हती. खरे सांगावयाचे तर मलाही नव्हती. कामगार कायद्याचे प्रत्येक विधेयक मी डोळ्यांत तेल घालून वाचतो, आणि माझ्याच सभासदांच्या खाचराबद्दलचे विधेयक माझ्या नजरेखालून निसटले. ही चूक मी इतरांवर ढकलीत नाही.

मग गेल्या वर्षी पाऊस ओसरत असताना धरणापलीकडच्या एका गावी आम्ही सभा घेतली. प्राथमिक शाळेच्या ओसरीवर तीस-पस्तीस माणसे होती, अर्ध्याहून अधिक बाया, कारण पुरुष पुण्यात. मी मागण्या लिहून नेल्या होत्या. परवानगी वनरक्षकाच्या पातळीवर मिळावी, सामाईक सातबाऱ्यावर कसणाऱ्याला भरपाई मिळावी, पीकसंरक्षणाच्या बंदुका निवडणुकीत जमा करण्यातून वगळाव्यात, पंचनाम्याला गावच्या दोन बायांची सही ग्राह्य धरावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी निलगिरीची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, की मागण्यांच्या वर पहिला ठराव आपल्यावरचा पाहिजे. आमच्या शिवारात तारेचा फास लावणार नाही, विजेची तार सोडणार नाही, कोणाचा फास दिसला तर काढून वनरक्षकाच्या हाती देऊ, आणि भेकर-सशाला हात लावणार नाही.

ओसरीवर एकदम शांतता झाली. फास कोण लावतो हे सर्वांना माहीत होते, आणि लावणारे दोघे समोर बसले होते. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “फास काढू, बाबा. पण काढला त्या रात्री माझ्या खाचरावर बसंल कोण?” याला माझ्या मागणीपत्रात उत्तर नव्हते. बराच वेळ बोलणे झाले. मग शाळेच्या मास्तरांनी हजेरीच्या कागदावर रेघा मारल्या, आणि आलटून-पालटून राखणीच्या पाळ्या लिहिल्या, कारखान्यात लावतात तशा, पहिली, दुसरी, तिसरी. ज्यांच्या घरी पुरुष नाही त्यांच्या खाचरावर इतरांनी बसावयाचे, आणि त्या घरच्या बायांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतात काम द्यावयाचे, असे ठरले. ठरावावर नऊ सह्या आणि चार अंगठे झाले. त्या दोघांपैकी एकाने सही केली. दुसरा “घरात विचारून सांगतो” म्हणाला आणि उठून गेला. तो अजून आलेला नाही. सभा नऊच्या सुमारास मोडली, कारण भात पोटरीला आले होते आणि पहिल्या पाळीच्या लोकांना माळ्यावर जावयाचे होते.